छत्रीच्या काड्यांचा अँटेना

दर रविवारी विकास तांड्यावर आला की आधी शिडी मागायचा. पाणी नाही, चहा नाही, आईची विचारपूस नाही. शिडी.

"शिडी कुठंय?"

"तिथंच हाये. मागच्या रविवारी तुमीच ठेवली."

मग तो स्लॅबवर चढायचा आणि आठवडाभर मी लावून ठेवलेला अँटेना काढून स्वतःचा लावायचा. सोमवारी त्याची मोटारसायकल सेनगावच्या वाटेला लागली की शाळा भरायच्या आत मी शिडी लावायचे, त्याचा काढायचे, माझा लावायचे. दोन हजार दोन सालचा जवळजवळ अख्खा पावसाळा आम्ही नवराबायको ह्या एका गोष्टीवरून भांडलो. लोकांची भांडणं जमिनीवरून होतात, सासूवरून होतात. आमच्या घरात सासू बिचारी मधे बसून डोक्याला हात लावायची.

आमचा देवला नाईक तांडा, बंजाऱ्यांची वस्ती, सेनगावच्या उत्तरेला तेरा-चौदा किलोमीटरवर, उंच माळावर. जीप फाट्यापर्यंत येते. तिथून तीन किलोमीटर पायवाट, मधे एक ओढा. टेलिफोनचे खांबही तेव्हा फाट्यापर्यंतच आले होते आणि तिथेच उभे होते. मी तांड्यावरच्या शाळेत शिक्षिका. सासूजवळ, मिराबाईजवळ राहायचे. तिला मी याडी म्हणते, आई म्हणावं तसं. विकासचं सेनगावात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि तो दुकानातच झोपायचा. आठवड्याने एकदा भेट. मधल्या दिवसांत काही सांगायचं झालं तर जीपवाल्याजवळ चिठ्ठी द्यायची. ती कधी पोचायची, कधी त्याच्या खिशात धुवून निघायची.

ह्यावर उपाय काढला हिंगोलीच्या रत्नपाल सरांनी. ते तिथल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते आणि सुटे भाग घ्यायला विकासच्या दुकानात यायचे. सरकारी परीक्षा दिली की वायरलेसवर बोलायचं लायसन मिळतं, हौशी लोकांसाठीच ते असतं, ही माहिती त्यांच्याकडून कळली. आम्ही दोघांनी नागपूरला जाऊन परीक्षा दिली. मी पहिल्या वेळी पास झाले, विकास दुसऱ्या वेळी. हे मी कधी बोलून दाखवत नाही. पण त्याने अँटेनाचा विषय काढला की मला आठवतं मात्र.

लायसन यायला सव्वा वर्ष लागलं. मधे चौकशीला पोलीस तांड्यावर येऊन गेले आणि मी काय गुन्हा केला ह्याची चर्चा पोळ्यापर्यंत पुरली. शेवटी कागद आले. थोड्या ताकदीचं, फक्त व्हीएचएफवर, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या लहरींवर बोलायचं लायसन. रत्नपाल सरांनी दोन जुने हातातले सेट मिळवून दिले, दोन दोन वॅटचे. दोन वॅट म्हणजे काय, तर टॉर्चच्या बल्बाला लागते तेवढी ताकद. तेवढ्यावर सेनगाव गाठायचं तर सगळी मदार अँटेनावर.

पहिल्याच दिवशी नवा ताप सुरू झाला. रेडिओवर आपला कॉलसाइन, म्हणजे लायसनवरचा नंबर, सांगावा लागतो, नावही घेतलं जातं. मी "विकास, विकास" म्हणाले तशी याडीने हातातलं पीठ खाली ठेवलं.

"नवऱ्याचं नाव? आन् तेबी वरडून?"

"नियम हाये याडी."

"कोन केला असला नियम?"

तेव्हापासून रेडिओवर त्याला विकास म्हणायची सवय लागली, आता लिहितानाही तेच येतं.

दुसरा ताप निरोपांचा. दुसऱ्याचे निरोप आणि धंद्याच्या गोष्टी ह्या रेडिओवरून सांगता येत नाहीत, मोठं संकट आलं तरच. हे तांड्याला समजावता समजावता माझा घसा बसला. नेमसिंग नाईक, तांड्याचे वडीलधारे, रोज ओट्यावर येऊन बसायचे.

"मास्तरीण, इकासला सांग, युरियाची दोन पोती पाठव म्हनाव."

"काका, तसं सांगता येत न्हाई यावरून."

"काहून? बोलता येतं ना?"

"बोलता येतं, पन दुसऱ्याचा निरोप न्हाई."

"मी दुसरा हाये?"

"कायद्यानं हाये."

नेमसिंग काका सेटकडे बोट दाखवायचे. "मंग हे ठिवलंय कशाला?" असं म्हणून उठायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. मधेच त्यांच्या टीव्हीवर मुंग्या दिसायला लागल्या की त्याचंही खापर माझ्यावर. मी सेट बंद करून, बॅटरीच्या वायरी काढून त्यांच्या हातात द्यायचे. मुंग्या तशाच. तरी ते म्हणायचे, "वर तो सांगाडा हाये ना, त्यो खेचून राहिला."

सांगाडा म्हणजे विकासचा अँटेना. नऊ काड्यांचा यागी. टीव्हीच्या अँटेनासारखाच, पण ह्याच्या काड्या उभ्या, आणि दांडा चांगला दोन पुरुष लांब. ज्या गावाकडे त्याचं तोंड, तिकडे तो सगळी ताकद एकवटतो, आणि तिकडचंच नीट ऐकतो. बाजूचं त्याला जवळपास ऐकू येत नाही. विकासने तो आठ दिवस खपून बनवला होता, दुकानात गिऱ्हाइकांचे टीव्ही उघडे टाकून. सेनगावच्या दुकानावर एक, आमच्या स्लॅबवर एक. दोघांची तोंडं समोरासमोर असली की त्याचा आवाज असा यायचा, जणू तो चुलीजवळ बसून बोलतो आहे.

असली की. आमचा माळ उघडा. वारा सुटला की यागी फिरायचा. संध्याकाळी सात ही आमची वेळ. सात वाजता सेट लावला की नुसती खरखर. मग मी पदर खोचून शिडी चढायचे, बांबू धरून फिरवायचे, खाली उतरायचे, बोलून बघायचे, पुन्हा चढायचे. समोरच्या अंगणातून प्रेमदास आणि त्याचा भाऊ मोहनसिंग, नेमसिंग काकांचे दोघं लेक, सूचना द्यायचे.

"डाव्या हाताला घ्या वहिनी!"

"न्हाई न्हाई, दूरदर्शन तिकडं हाये!"

एवढं करून विकासचा आवाज लागला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं. "तुझी दिशा चुकून राहिली."

एकदा मी म्हणाले, "दिशा माझी न्हाई चुकत, तुमच्या अँटेनाची चुकते."

"अँटेनाची कशी चुकंल? तुला धरता येत न्हाई."

मी सेट बंद केला. रेडिओचा हा एक फायदा आहे.

जुलैत प्रशिक्षणासाठी मी हिंगोलीला गेले होते. जेवणाच्या सुट्टीत रत्नपाल सरांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने, राणीवहिनीने, जेवायला वाढलं. जेवताजेवता मी सगळं गाऱ्हाणं सांगितलं. सर हसले नाहीत. मला गच्चीवर घेऊन गेले. तिथे एका पाइपावर हातभर लांबीची एक काडी उभी होती आणि तिच्या बुडाशी चार काड्या खाली तिरप्या, अर्ध्या मिटलेल्या छत्रीसारख्या.

"ह्याला तोंड नाही," सर म्हणाले. "चारी दिशांना सारखा बोलतो, चारी दिशांचं सारखं ऐकतो. वारा आला काय, गेला काय."

"पन ताकद कमी पडंल ना सर? दोन वॅट चारी बाजूला वाटली तर?"

"थोडी पडेल. पण तुमचा तांडा माळावर आहे. उंची असली की दोन वॅट पुष्कळ होतात. करून बघा. प्रत्येक काडी एकोणपन्नास सेंटिमीटर. बस्स."

खालून राणीवहिनी म्हणाल्या, "मिनाताई, नका नादी लागू. आमच्या घरात दिवसभर ते खरखर खरखर चालू असतं. हे कॉलेजात, सेट चालू घरात. कोण बोललं ते लिहून ठेव म्हणतात मला. मी काय मुनीम आहे?"

घरी आल्यावर काड्या शोधल्या. याडीची मोडकी छत्री माळ्यावर होती. तिच्या पोलादी काड्या मोजल्या, लांबीला जास्तच भरल्या. करवतीने कापल्या. चार कोपऱ्यांना चार भोकं असलेलं चौकोनी सॉकेट मी सरांकडूनच आणलं होतं. चार काड्या चार भोकांत नट-बोल्टने आवळल्या, मधल्या टोकाला जाड तांब्याची तार डाख देऊन जोडली. आणि सगळं एका काठीच्या टोकाला बांधलं. तासाभराचं काम. याडी मात्र दोन दिवस बोलली नाही. छत्री दुरुस्त होणार होती म्हणे. ती सात वर्षं माळ्यावर दुरुस्त होत होती.

संध्याकाळी सात वाजता सेट लावला. विकासचा आवाज आला. मागे थोडी खरखर होती, चुलीजवळ बसल्यासारखा नाही, दारात उभं राहून बोलल्यासारखा. पण मी शिडी चढले नव्हते, बांबू फिरवला नव्हता. मी त्याला आनंदाने सगळं सांगितलं.

तिकडून आलं, "सिग्नल कमी आला तुझा."

"ऐकू येऊन राहिलं ना पन?"

"ऐकू येतं. पन कमी आला. आठ दिवस खपून मी यागी केला आन् तू छत्रीच्या काड्या लावल्या? दोन वॅट चारी दिशांना उधळायचे, सेनगावच्या वाट्याला काय येनार, परसाद?"

"सगळा परसाद सेनगावलाच काहून पायजे?"

"काहून म्हंजी? मी सेनगावात हाये!"

त्याला वाटायचं, आम्ही दोघं बोलावं म्हणून रेडिओ आहे. मलाही तसंच वाटायचं, पण तेवढंच नाही. काडीचा अँटेना लावल्यापासून दुपारच्या सुट्टीत मला हिंगोलीचे सर ऐकू यायचे, कधी वाशिमकडचा कुणी अनोळखी माणूस मोटारीतून बोलताना दोन मिनिटं सापडायचा. माळावर बसून मला पहिल्यांदा आजूबाजूचा मुलूख ऐकू येत होता. हे विकासला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यांच्याशी तुला काय काम?" मग मी सांगायचं सोडलं. तेव्हापासून रविवार-सोमवारचा शिडीचा खेळ सुरू झाला.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी त्याने कहर केला. यागी वाऱ्याने फिरतो ही माझी तक्रार होती ना? त्याने बांबूला लोखंडी पट्टी लावली, दोन दोन नट घातले, वरून जाड तार गुंडाळून पक्कडीने पिळली. खाली उतरून हात झटकले.

"आता वादळ येऊ दे. सेनगाव सोडून कुठंबी बघनार न्हाई."

"मला काढायचा असला तर?"

"म्हनूनच," तो म्हणाला आणि हसला. मी त्या दिवशी भाकरी टाकल्या, पण वाढल्या याडीने.

सोमवारी सकाळी पावसाची भुरभुर होती, शिडी निसरडी. पक्कड तो बरोबर घेऊन गेला होता. मी तशीच शाळेत गेले.

दुपारी दोनच्या सुमाराला प्रेमदास धावत शाळेत आला. पाऊस उघडल्यावर मोहनसिंग कपाशीवर फवारणी करत होता. उघड्या अंगाने, पाठीवर गळका पंप. वावरातच पडला. मी पोचले तेव्हा त्याला बाजेवर आणून नेमसिंग काकांच्या अंगणात ठेवलं होतं. तोंडातून फेस, अंग घामाने निथळतंय, हातापायाचे स्नायू उडतायत. डोळ्यांच्या बाहुल्या अगदी टाचणीएवढ्या. काका तुपाची वाटी घेऊन त्याचं तोंड उघडायला बघत होते.

"थांबा काका. मी डॉक्टरला इचारते."

"कुठल्या डाक्टरला? हितं कुठं हाये डाक्टर?"

मी फवारणीचा रिकामा डबा उचलला आणि घराकडे पळाले. सेट लावला. सेनगावला हाक मारली. एकदा, दोनदा, दहा वेळा. विकासचं नाव घेतलं, ओरडून घेतलं. उत्तर नाही. मग आठवलं, सोमवारी तो खेड्यापाड्यांतल्या टीव्हींच्या फेरीला जातो. दुकानाला कुलूप असणार. म्हणजे माझा दोन वॅटचा आवाज त्या नऊ काड्यांनी नीट गोळा करून, नेम धरून, कुलपावर सोडला होता.

हिंगोलीकडे वळवावा म्हणून शिडी चढले. बांबू हलेना. नट ओले, तार पिळलेली. हाताने सोडवायला गेले तर बोट कापलं. तिथे स्लॅबवर उभी राहून मी माझ्या नवऱ्याला जे काही बोलले ते कुठल्याच बँडवर बोलता येणार नाही. खाली उभ्या याडीने ते सगळं ऐकलं.

"याडी, माझी काठी दे! छत्रीची! आन् तू वर ये."

"मी? वर?"

"ये ना गं!"

साठीची बाई, घागरा सावरत, हातातली बलोयी, कोपरापर्यंतच्या बांगड्या, खणखणवत शिडी चढली. मी खालून सेट, बॅटरी आणि डबा वर आणला, यागीची केबल उपटली, काठीच्या सॉकेटला लावली, आणि काठी तिच्या हातात दिली.

"अशी उभी धर. जितकी उंच धरता येईल तितकी."

"कोनीकडं करू तोंड?"

"तोंड न्हाई याडी त्याला. नुसती उंच धर."

मी हाक मारली. संकटकाळात मारायची हाक असते, ती मारली. कुणीही ऐकत असेल तर उत्तर द्या, देवला नाईक तांडा, तालुका सेनगाव, माणूस विषबाधेने मरतो आहे. खरखर. पुन्हा हाक. खरखर. तिसऱ्या वेळी खरखरीतून बाईचा आवाज आला, घाबरलेला.

"हॅलो... मिनाताई का? मी राणी. हे कॉलेजात गेलेत. मला लायसन नाही हो. बोलू का?"

"बोला वहिनी! लायसन जाऊ द्या! तुमच्या घरी फोन हाये ना?"

"आहे. काय झालं?"

मी सांगितलं. सेनगावच्या सरकारी दवाखान्याला फोन करा, फाट्यावर जीप पाठवायला सांगा. औषधाचं नाव सांगते, लिहून घ्या. डब्यावर अक्षरं बारीक, पावसाने अर्धी गेलेली. मी एक एक अक्षर सुटं करून वाचलं. मो. नो. क्रो. टो. फॉस.

"मोनो पुढे काय? आवाज गेला."

मी वळून बघितलं. याडीची काठी खांद्यापर्यंत खाली आली होती. "वर धर याडी!"

"हात भरून आले माय माझे!"

"वर!"

काठी वर गेली. "क्रो-टो-फॉस वहिनी."

"क्रोटोफॉस. लिहिलं. थांबा, सेट सोडू नका."

किती वेळ गेला माहीत नाही. चार-पाच मिनिटं असतील. याडी कधी उजव्या हाताने, कधी डाव्या हाताने काठी धरत होती आणि पुटपुटत होती. मग राणीवहिनी परत आल्या, आता आवाज धीट होता.

"डॉक्टर म्हणतात, अंगावरचे कपडे काढा, साबण लावून भरपूर पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. कुशीवर निजवा, तोंडातलं पुसत राहा. दूध, तूप, मिठाचं पाणी, काही काही पाजायचं नाही. ओकारी काढायची नाही. जीप स्टँडच्या एसटीडीवर फोन केला, जीप निघाली. फाट्यापर्यंत आणा. डॉक्टर इंजेक्शनं काढून ठेवतायत."

मी स्लॅबच्या कडेला येऊन तेच्या तेच शब्द ओरडले. अख्खा तांडा खाली जमला होता. नेमसिंग काका वाटी घेऊन उभेच होते.

"तुपानं इख उतरतं मास्तरीण, आमच्या बापापासून..."

"काका, डॉक्टर बोलून राहिलेत हितून. वाटी खाली ठेवा!"

त्या आवाजात मी त्यांच्याशी आधी कधी बोलले नव्हते, नंतरही नाही. त्यांनी वाटी खाली ठेवली.

मोहनसिंगला धुतला, चादरीत गुंडाळला. प्रेमदास आणि आणखी तिघांनी बाज उचलली. ओढ्याला मांडीएवढं पाणी होतं, त्यातून डोक्यावरून नेली. फाट्यावर जीप उभी होती. तो नऊ दिवस दवाखान्यात होता, पहिले तीन दिवस कुणी काही सांगत नव्हतं. दहाव्या दिवशी आला, तेव्हा अंगाने अर्धा झाला होता आणि आल्या आल्या त्याने विचारलं, माझा पंप कुणी घेतला.

विकास त्याच संध्याकाळी आला होता. सेनगावात पोचल्यावर त्याला कळलं, तो आधी दवाखान्यात गेला आणि तिथून तसाच तांड्यावर. त्या दिवशी त्याने शिडी मागितली नाही. शिडी लावलेलीच होती. तो वर गेला. बराच वेळ खाली आला नाही म्हणून मी गेले. तो पिळलेल्या तारेजवळ उकिडवा बसला होता. तारेला माझं रक्त लागलं होतं, वाळलेलं.

"हात दाखव," तो म्हणाला.

मी दाखवला. त्याने बोट बघितलं, मग म्हणाला, "हिंगोलीकडं फिरवायला पायजे होता..."

"विकास," मी म्हणाले, आणि रेडिओ नसतानाही त्याचं नाव घेतलंय हे दोघांच्याही लक्षात आलं. "कशानं फिरवू? दातानं?"

त्याने खिशातून पक्कड काढली आणि तार सोडवायला लागला. नट गंजायच्या बेतात होते, त्यालाही अर्धा तास लागला. माफी वगैरे त्याने मागितली नाही. यागी खाली उतरवला, छत्रीच्या काड्या पाइपावर चढवल्या, काठीऐवजी, दहा हात उंच. आणि उतरताना म्हणालाच, "तांब्याच्या काड्या घातल्या असत्या तर आनखी बरं झालं असतं."

मला हसावं की शिडी काढून घ्यावी, कळेना.

रत्नपाल सरांची तऱ्हा वेगळी. त्यांना काळजी, की घरच्या सेटवरून बिनलायसनचं माणूस बोललं. संकट होतं, नियमाला सवलत आहे, तरी त्यांनी सगळं तारीखवार वहीत लिहिलं आणि वरती कळवलं. राणीवहिनी भडकल्या. "मग मी काय हॅलो म्हणून ठेवून द्यायला हवं होतं?" त्या वर्षी हिवाळ्यात त्यांनी परीक्षेचा फॉर्म भरला. पुस्तक चुलीजवळ ठेवून अभ्यास केला आणि पास झाल्या. लायसन यायला त्यांनाही वर्षाच्या वर लागलं. पोलीस चौकशीला आले तेव्हा त्यांनीच उलट पोलिसांची चौकशी केली असं सर सांगतात.

तांड्यावर एक गोष्ट झाली. नेमसिंग काका युरियाचे निरोप आणीनासे झाले. त्याऐवजी रोज सकाळी येऊन विचारायचे, "चालू हाये ना?" मी हो म्हणाले की जायचे. टीव्हीवरच्या मुंग्यांचं कुणी बोलायचं नाही, मुंग्या होत्याच.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये शाळेकडे जाताना मला बांधावरून मोहनसिंग दिसला. उघडं अंग, पाठीवर पंप, तोंडाला फडकं नाही, गालात गुटखा. आणि वाऱ्याच्या उलट दिशेने फवारत होता, सगळा तुषार त्याच्याच अंगावर.

मी बांधावरूनच ओरडले. तो थांबला, लाजून हसला.

"वहिनी, आता भेव न्हाई," तो म्हणाला. "तुमचं मशीन हाये की."

माझ्या हातात हजेरीपट होता. तो मी बांधावर ठेवला, चपला काढल्या आणि चिखलातून त्याच्यापर्यंत गेले. पंपाचा पट्टा त्याच्या खांद्यावरून उतरवायला लावला. त्याला ओढ्यावर पाठवलं, साबणाने आंघोळ कर म्हणाले, गुटखा थुंक, बाह्यांचा सदरा घालून ये. तो "व्हय व्हय" करत गेला. मी पंपाजवळ उभी राहिले, कारण तो असाच माघारी येऊन पुन्हा सुरू करणार हे मला माहीत होतं. शाळेची वेळ टळून गेली. लांबून लेकरांचा गलका ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने तो आला, सदरा घालून, तोंडाला बायकोच्या ओढणीचा तुकडा बांधून.

"आता?" त्याने विचारलं.

"आता वारा कुठून येऊन राहिला ते बघ," मी म्हणाले, आणि त्याने ते बघेपर्यंत तिथून हलले नाही.